कामतांचे हिंदी: घसरण कसली?



दिग्दर्शक निशिकांत कामत यांचे नाव निघाले की निकाल ठरलेला असतो: ‘डोंबिवली फास्ट’पर्यंत (२००५) माणूस मोठा, पुढे हिंदीत गेला आणि रिमेकवाला झाला. निदान गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या प्रेक्षकाने तरी यावर मान डोलावू नये.

रिमेक केले, हे खरेच. ‘फोर्स’ तमिळवरून, ‘दृश्यम’ मल्याळमवरून, ‘रॉकी हँडसम’ कोरियनवरून. पण लोकलमधल्या स्फोटांनंतरची मुंबई दाखवणारा ‘मुंबई मेरी जान’ (२००८) कुणाची नक्कल होता? शिवाय ‘डोंबिवली फास्ट’चा तमिळ अवतार कामतांनीच केला, त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही!

माझा मुद्दा ‘दृश्यम’चा (२०१५). कथा जीतू जोसेफ यांची. त्यांचा नायक केरळचा ख्रिस्ती, जॉर्जकुट्टी. तो गोव्यात आणायचा तर आणखी एक ब्रागांझा करणे सर्वांत सोपे होते. ‘बॉबी’पासून हिंदी सिनेमाला तोच गोंयकार ठाऊक. कामत आणि पटकथाकार उपेंद्र सिधये यांनी त्याला विजय साळगावकर केले. चौथी नापास, केबलचा धंदा, सिनेमाचे वेड, बायको-मुलींना घेऊन पणजीला सत्संग आणि पावभाजी. असे साळगावकर डिचोलीच्या बाजारात पावलोपावली भेटतात. किनाऱ्यापलीकडचा, देवळातला आणि दुकानातला गोवा हिंदी पडद्यावर एवढ्या सहजपणे क्वचितच आला. आणि डोंबिवलीचा माधव आपटे आठवा: व्यवस्थेने कोंडलेला मध्यमवर्गीय. आपटे बॅट घेऊन रस्त्यावर उतरला, साळगावकर तिकिटे आणि पावत्या जपून ठेवतो. दिग्दर्शक तोच आहे, हे वेगळे सांगायला नको.

‘रॉकी हँडसम’ (२०१६) मात्र मी वाचवायला जाणार नाही. गोवा म्हणजे अमली पदार्थ, हे तुणतुणे त्यातही वाजले, आणि खलनायक खुद्द कामत!

१७ ऑगस्ट २०२० रोजी, अवघ्या पन्नाशीत, कामत हैदराबादेत वारले. इफ्फी हा चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो, पण त्याचा पणजीबाहेरच्या तालुक्यांशी संबंध नावापुरताच. तेव्हा कामतांच्या आठवणीसाठी गोवा मनोरंजन सोसायटीनेच या तालुक्यांत ‘डोंबिवली फास्ट’ आणि ‘दृश्यम’ लागोपाठ दाखवावेत. साखळीला रवींद्र भवन आहेच. पेडण्यात एखाद्या देवळाचा मंडप चालेल. रात्रभर दहीकाल्याचा खेळ बघणारे लोक आहेत ते, दोन सिनेमे सलग बसून बघतील.

— एक वाचक, डिचोली