दुष्काळातली आशा

इंदापूर-बारामतीच्या जिरायत पट्ट्यात पावसाचा भरवसा कधीच नव्हता. अशा मुलखात ख्रिस्ती आशा म्हणजे काय, हे पाहायचे तर शेजारच्या दौंड तालुक्यातल्या केडगावचा इतिहास वाचावा. तो पंडिता रमाबाईंच्या कामाचा इतिहास आहे. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली आणून त्यांनी केडगावच्या माळावर मुक्ती सदन वसवले. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. खिळे जुळवायला मुलीच बसत.

श्रद्धेने माणूस हातावर हात ठेवून बसतो, या आक्षेपाला त्या विहिरी पुरेसे उत्तर आहेत. अन्नाआडून धर्मांतर होते, ही टीका मात्र रमाबाईंच्या हयातीतच झाली आणि ती झटकून टाकता येणार नाही. उपाशी माणसाची संमती नाजूकच असते. पण लाभापुरती श्रद्धा संकटात टिकत नाही. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. वाचकहो, यंदा नाताळची वर्गणी काढताना टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीचा वाटा आधी बाजूला काढा, आणि देताना कोणाचा धर्म विचारू नका.