ऑनलाइन वॉकी-टॉकीवर बडगा, मग घरी बनवलेला रेडिओ कायदेशीर कसा?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्म्सना नोटिसा पाठवल्या. कारण होतं वॉकी-टॉकी. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, सरकारी मान्यता मिळालीय का, यातलं काही न सांगता हे सेट खेळण्यांसारखे विकले जात होते. अशा सुमारे १७ हजार लिस्टिंग्ज सापडल्या. महिनाअखेरीला विक्रीसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वंही आली.

डोंगरात मोबाइलची रेंज गेली की ट्रेकच्या ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, "दोन वॉकी-टॉकी मागवून टाकू यार." यात गंमत अशी की भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्याशा पट्ट्यातले, कमी पॉवरचे आणि मान्यताप्राप्त सेट परवान्याशिवाय वापरता येतात. पण स्वस्तात मिळणारे बरेच सेट या पट्ट्याबाहेर बिनदिक्कत बोलतात. कोणाच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतोय हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पोलिसांच्या किंवा आपत्कालीन सेवेच्या संवादात अडथळा आला तर ती मस्करी राहत नाही. त्यामुळे कारवाई योग्यच होती.

आता दुसरी बाजू बघा. याच देशात एखादी कॉलेजातली मुलगी टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन बसते, स्वतःच्या हाताने ट्रान्समीटर बनवते, गच्चीवर वीस मीटर तार ताणते आणि परदेशातल्या माणसाशी गप्पा मारते. तिच्या यंत्रावर कोणत्याही कंपनीचा शिक्का नाही. तरी ते पूर्ण कायदेशीर आहे. कसं काय?

परवाना डब्याला नाही, माणसाला

तुमच्या हातातला फोनसुद्धा रेडिओ ट्रान्समीटरच आहे. फक्त तो सीलबंद आहे. कंपनीने तो तपासून मान्य करून घेतलाय, आणि कोणत्या क्षणी किती पॉवरने बोलायचं हे त्याला टॉवर सांगतो. म्हणून तुम्हाला कोणी परीक्षा द्यायला लावत नाही.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, याच्या बरोबर उलट चालतो. इथे आधी माणसाला तपासतात. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा असते. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की ती देता येते. पास झालात की परवाना आणि कॉलसाइन मिळतं. जनरल ग्रेडचं कॉलसाइन साधारणपणे व्हीयू२ ने सुरू होतं, रिस्ट्रिक्टेडचं व्हीयू३ ने. जनरलसाठी मोर्स कोडही यावा लागतो, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने. हा माणूस काय करतोय हे त्याला कळतं, अशी एकदा खात्री झाली की ठरवून दिलेल्या बँडमध्ये आणि पॉवरच्या मर्यादेत स्वतःचं यंत्र बनवून वापरायची मुभा असते.

ही मुभा मेहेरबानी म्हणून मिळालेली नाही. जगभरातल्या रेडिओ लहरींचं वाटप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने हौशी सेवेची व्याख्या करतानाच स्वशिक्षण, आपसातला संवाद आणि तांत्रिक शोध हे तिचे हेतू सांगितले आहेत. म्हणजे शिकता शिकता चुकायला राखून ठेवलेली जागा. माझ्या मते कारवाईच्या बातम्यांतून हीच गोष्ट सुटली. "हे घेऊ नका" एवढं सांगितलं गेलं, "हे शिकून करता येतं" हे फारसं कोणी सांगितलं नाही.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. हॅम परवाना हा ट्रेकच्या ग्रुपसाठीचा शॉर्टकट नाही. तुम्ही पास झालात म्हणून बाकीच्या मित्रांना सेट वाटता येत नाहीत, प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागतो. धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं, कोड लावून गुप्त संदेश पाठवणं, यातलं काहीच चालत नाही.

नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली तार

घरी बनवायचं म्हणजे नेमकं काय? यासाठी बिटएक्सची गोष्ट माहीत हवी. ती आपल्या शेजारच्या हैदराबादची आहे.

दोन दशकांपूर्वी अश्हर फरहान यांनी बिटएक्स-२० नावाचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. १४ मेगाहर्ट्झवर आवाजाने बोलणारा, काही वॅटचा सेट. परदेशी डिझाइनमध्ये जे खास सुटे भाग लागायचे ते इथल्या बाजारात मिळत नव्हते, आणि मागवायचे तर परवडत नव्हते. मग यांनी जे मिळतं त्यातूनच सेट उभा केला. कॉइल गुंडाळायला प्लंबरकडे मिळणारा नळाचा वॉशर, ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या अँटेनात वापरायचे बलून कोअर, आणि साधे, कुठेही मिळणारे ट्रान्झिस्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर मारणाऱ्याला ही यादी परकी वाटणार नाही.

नावातलं 'बि' म्हणजे दोन्ही दिशांनी. ऐकताना सिग्नल अँटेनाकडून स्पीकरकडे जातो, बोलताना माइककडून अँटेनाकडे. साधारणपणे या दोन कामांसाठी दोन वेगळे मार्ग बांधावे लागतात. इथे अॅम्प्लिफायरचे तेच टप्पे स्विच टाकला की उलट दिशेने काम करतात. भाग कमी, खर्च कमी, आणि बिघाड शोधणं सोपं. ऐकू नीट येत असेल तर बोलण्याचा बराचसा मार्गही ठीक असणार.

सगळ्यात मजेशीर भाग म्हणजे क्रिस्टल फिल्टर. हवेत एकाच वेळी शेकडो सिग्नल असतात. त्यातून एका माणसाच्या आवाजापुरती, साधारण ३ किलोहर्ट्झची फट उघडी ठेवायची आणि बाकीचं अडवायचं, हे फिल्टरचं काम. त्यासाठी एकाच फ्रिक्वेन्सीचे क्रिस्टल लागतात. पाकिटावर आकडा एकच छापलेला असतो, पण प्रत्येक क्रिस्टल थोडा इकडेतिकडे असतो. म्हणून लोक एकदम दहा-पंधरा क्रिस्टल आणतात, एकेक मोजतात आणि जवळजवळचे निवडतात. भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडावेत तसं. फोनमध्येही अशीच गाळणी असते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

जगभरच्या लोकांनी हे डिझाइन बांधलं, बदललं, सुधारलं. २०१७ मध्ये याच घराण्यातला मायक्रो-बिटएक्स किटच्या रूपात आला, एकापेक्षा जास्त बँडवर चालणारा. भारतातल्या एका घरातून निघालेलं हार्डवेअर बाहेरच्या देशांत टेबलावर उघडून अभ्यासलं जातं, असं रोज घडत नाही.

चुकतं कुठे

ट्रान्समीटर चालू होणं कठीण नाही. तो सभ्यपणे चालणं कठीण आहे. ७ मेगाहर्ट्झवर बोलणारा कच्चा ट्रान्समीटर त्याच वेळी १४ वर, २१ वरही थोडं थोडं बोलत असतो. याला हार्मोनिक्स म्हणतात. तुमचा आवाज कुठेतरी दुसऱ्याच्या सेवेत घुसतोय आणि तुम्हाला पत्ताच नाही, म्हणजे पुन्हा त्या स्वस्त वॉकी-टॉकीचाच घोळ. उपाय आहे अँटेनाच्या आधी लो-पास फिल्टर, म्हणजे काही कॉइल आणि कॅपॅसिटर. नवखा माणूस नेमका हाच भाग "नंतर लावू" म्हणून सोडतो. परीक्षेत यावर प्रश्न का असतात हे इथे कळतं.

दुसरा शत्रू तुमच्या खिशातलाच. रिसीव्हर बनवून झाला, हेडफोन लावले आणि नुसतं गुरगुरणं ऐकू आलं, तर सर्किट खोलायच्या आधी फोनचा चार्जर सॉकेटमधून काढा. स्वस्त चार्जर आणि एलईडी बल्ब शॉर्टवेव्हवर भरपूर कचरा फेकतात. म्हणून बरेच जण सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालवतात. अँटेनाची तार विजेच्या तारांपासून लांब ठेवा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

फोन आहे, मग हे कशाला?

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला आणि त्यांचे सेट माणसांची खबरबात पोहोचवायला लागले. टॉवर पडला की फोन म्हणजे टॉर्च आणि कॅमेरा. अशा वेळी तार तुटली तर दुसरी कापून जोडणारा, फ्यूज का उडाला हे ओळखणारा माणूस लागतो. तो आयता डबा विकत घेऊन तयार होत नाही.

म्हणूनच परीक्षा आणि परवान्याचा वेग ही छोटी बाब नाही. अर्ज आता 'सरल संचार' पोर्टलवर होतो, हे चांगलंच झालं. पण बारावीतल्या मुलाला आज उत्साह आला आणि कॉलसाइन हातात पडेपर्यंत तो नोकरीला लागला, तर तो पुन्हा सोल्डरिंग गन उचलेल का? बेकायदा सेट दोन दिवसांत घरपोच येत होता. कायदेशीर रस्ता त्याच्याशी स्पर्धा करतोय, हे विसरून चालणार नाही.

परवाना येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. स्थानकाचा आवाज १४५.८ मेगाहर्ट्झवर येतो. त्याची लहर साधारण दोन मीटरची, म्हणून अर्ध्या लहरीची अँटेना एक मीटरच्या आसपास. पीव्हीसी पाइप आणि सुताराच्या स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे वापरून लोक अशी अँटेना एका दुपारी बनवतात.

आणि आज रात्रीच हॅम मंडळी ऐकायची असतील तर फोनच्या ब्राउझरमध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला वेब-एसडीआर उघडा. तिथला खराखुरा रिसीव्हर तुमच्या बोटाने फिरतो. ७ मेगाहर्ट्झच्या थोडं वर जा आणि मोड 'एलएसबी' निवडा. दुसरा मोड राहिला तर सगळे बदकाच्या आवाजात बोलताना ऐकू येतील.