प्रवासाची तयारी : सामानाची की माणसांची?

देशाटनाने शहाणपण येते, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. पण लहान मुलांना बरोबर घेऊन सातशे किलोमीटरचे देशाटन करायचे असेल, तर थोडे शहाणपण निघण्यापूर्वीच गाठीशी हवे, हे मात्र आपल्याला कोणत्याही निबंधाने शिकवले नाही.

मी प्रतापनगरात राहते. दिवाळी तोंडावर आली किंवा उन्हाळ्याची सुटी लागली, की आमच्या गल्लीत पहाटे तीनच्या सुमारास दारे उघडू लागतात. कोणी पुण्याला निघालेले असते, कोणी मुंबईला, कोणी शिर्डीच्या दर्शनाला. आदल्या दिवसापासून घरातली बाईमाणसे तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, मुलांचे स्वेटर, औषधांची पिशवी यांत बुडालेली असतात. रात्री बाराला शेवटची बॅग बंद होते. तीनला आंघोळी, साडेतीनला गाडीपुढे नारळ, आणि चाकाखाली लिंबू ठेवून प्रस्थान! श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु चाकाखाली लिंबू ठेवले की नाही, हे चार माणसे पाहतात आणि त्याच चाकात हवा किती आहे, हे पाहणारा एकही निघत नाही, याचे मला नवल वाटते. त्याहून मोठे नवल हे, की जो माणूस पुढचे आठ-दहा तास गाडी चालवणार, त्याची झोप जेमतेम तीन तासांची झाली आहे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि कोणालाही खटकत नाही.

हा प्रश्न पूर्वीही होता; पण आता तो अधिक तीव्र झाला आहे. जुन्या अमरावती रस्त्याने जाताना कोंढाळी, तळेगाव, तिवसा अशी गावे एकामागून एक आडवी येत. कुठे बैलगाडी, कुठे बाजार, कुठे चहाची टपरी. रस्ता आपल्याला जागोजागी थांबवी. त्या खोळंब्यावर आपण चिडत असू, पण त्या खोळंब्यातच चालकाचे डोळे मोकळे होत आणि मुलांचे पाय सुटत. नागपूरपासून मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आला आणि हे आपोआप होणारे थांबणे संपले. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला होऊन तो पूर्ण झाला. रस्ता उत्तम आहे, यात वाद नाही. विदर्भाच्या माणसाला मुंबई जवळ आली, याचा आनंद मलाही आहे. पण जो रस्ता आपल्याला थांबवत नाही, त्या रस्त्यावर कुठे थांबायचे हे घरूनच ठरवून निघावे लागते. नव्या रस्त्याला जुनी तयारी पुरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असे आपण कौतुकाने सांगतो. हे आठ तास कागदावरच्या गणिताचे आहेत. त्या गणितात चार वर्षांच्या मुलाची शू नाही, दोन वर्षांच्या मुलीची ओकारी नाही आणि आजोबांचे आखडलेले गुडघेही नाहीत. तरी आपण ते आकडे प्रतिष्ठेचे करतो. नातेवाइकांकडे पोहोचताच पहिला प्रश्न असतो, “किती वाजता निघाला होता?” आणि उत्तर जितके कमी तासांचे, तितकी बाबांची मान ताठ. मुले कशी आली, हा प्रश्न नंतरचा.

या महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. म्हणजे चालकाचा डोळा तीन सेकंद लागला, तर आपल्या क्रीडामहोत्सवात जी शंभर मीटरची शर्यत होते, तेवढे अंतर गाडीने आंधळेपणाने कापले, असा अर्थ होतो. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचे तास आणि दुपारच्या जेवणानंतरचे तास हे शरीराचे झोपेचे तास आहेत. मनाचा निश्चय तेथे फारसा उपयोगी पडत नाही. सरळ, एकसुरी रस्ता त्या झोपेला आणखी हात देतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली, ती येथे नको. पण ही बातमी वाचून हळहळलेली आमची गल्ली पुढच्या सुटीत पुन्हा रात्रीच्याच मुहूर्तावर निघाली, हे मी पाहिले आहे.

आपल्या देशात १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला. पगारी चालकाला साधारणपणे दिवसाला आठ तासांहून अधिक काम देऊ नये आणि सलग पाच तासांच्या आत त्याला निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, असे त्याने सांगितले. कायद्याने जी दया परक्या चालकावर दाखवली, ती आपण घरच्या वडिलांवर, काकांवर, दादावर दाखवत नाही. आदल्या दिवशी कार्यालयात राबलेला माणूस रात्री बॅगा उचलतो आणि पहाटे चाकापाशी बसतो. आणि त्याच्या मागे आपण आपली सर्वांत मौल्यवान ठेव, म्हणजे मुले, निर्धास्तपणे झोपवतो!

मुलांना आपण बसवतो तरी कसे? तान्हे आईच्या मांडीवर, मधले पुढच्या दोन आसनांच्या फटीत उभे आणि सर्वांत लाडके वडिलांच्या पुढ्यात, चाकाला हात लावून. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही, हे कवितेत खरे आहे. धावत्या मोटारीत नाही. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. म्हणून विज्ञानशाखेच्या एका मैत्रिणीकडून हिशेब करून घेतला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे १४० किलोच्या ओढीने पुढे फेकले जाते. एवढे ओझे कोणत्या माउलीच्या हातांनी धरून ठेवता येईल? आणि हा हिशेब पन्नासचा आहे, एकशेवीसचा नव्हे. २०१९ साली मोटारवाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनात सुरक्षित बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंडाची तरतूद तीत आहे. दंड कोणी आकारतो की नाही, हा वेगळा प्रश्न. पण कायदा मुलाच्या बाजूने बोलला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : “आम्ही सात भावंडे एका जीपमध्ये बसून गेलो, काही झाले नाही!” या उत्तरातील आठवणींचा गोडवा मला मान्य आहे. पण तेव्हा त्या जीपचा वेग किती होता? आणि ज्यांना काही झाले, ते आज बैठकीत येऊन आपली हकिकत सांगू शकत नाहीत. दुसरा आक्षेप पैशांचा. मुलांच्या आसनाला काही हजार रुपये पडतात, हे खरे. मध्यमवर्गीय घराला ते जड वाटतात, हेही खरे. मग दोन-तीन घरांनी मिळून एक आसन घ्यावे आणि आळीपाळीने वापरावे. लग्नातली मोठी पातेली आपण शेजाऱ्यांकडून मागून आणतोच ना? मात्र गाडीत पट्टे पाच असतील तर माणसे पाचच न्यावीत. सहावा रेल्वेने गेला तर त्याचा अपमान होत नाही.

मग तयारी करावी तरी कोणती? फार अवघड काही नाही. बॅगा आदल्या दिवशी संध्याकाळी सातला बंद व्हाव्यात आणि त्या बंद करण्यात पुरुषांचे हातही असावेत. गाडी चालवणाऱ्याने नऊला झोपावे, उजाडल्यावर निघावे. दोन-तीन दिवस आधी टायर, त्यांची हवा आणि ब्रेक गॅरेजमध्ये दाखवावेत. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात झिजलेल्या टायरवर विश्वास ठेवणे बरे नव्हे. दर दोन तासांनी थांबायचे, ते कुठे, हे कागदावर लिहून घ्यावे. थांबायचे ते विसाव्याच्या जागी, रस्त्याच्या कडेला नव्हे. ज्या मुलाला गाडी लागते, त्याला भरपेट खाऊ घालू नये, हातात मोबाइल देऊ नये, समोर दूरवर पाहायला सांगावे. आणि पाचच मिनिटांसाठी म्हणूनही मुलाला बंद गाडीत ठेवून उतरू नये. जून २०२३ मध्ये याच नागपुरात उभ्या मोटारीत अडकून तीन मुले गुदमरून गेली, हे आपण विसरलो काय?

शेवटी, मुलांनाही या तयारीत घ्यावे. हा महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. मुलाच्या हाती नकाशा द्यावा आणि निघण्यापूर्वी घरीच जिल्हे मोजायला लावावेत. वाट थोडी वाकडी केली तर सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान आहे, लोणारला उल्केच्या आघाताने झालेले सरोवर आहे. तेथे दीड-दोन तास गेले तर पुणे पळून जात नाही. चालकाला विसावा मिळतो आणि मुलांना खरे देशाटन घडते.

विद्यार्थी मित्रहो, हे सारे मी वडीलधाऱ्यांना उपदेश म्हणून लिहिलेले नाही. आपल्यापैकी पुष्कळांना आता वाहन चालवण्याचा परवाना मिळाला आहे. घरच्या लांबच्या प्रवासात अर्धी वाट गाडी आपल्याच हाती असते. “जरा हळू चालवा” असे आई मागून म्हणते आणि पुढे कोणी ऐकत नाही, हे आपण लहानपणी मागच्या आसनावरून पाहिले आहे. आता पुढे आपण बसलो आहोत. येत्या सुटीत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरात एवढे दोन प्रश्न आपण विचारावेत : गाडी चालवणारा आज किती वाजता झोपणार, आणि कोणते मूल कोणत्या पट्ट्यात बसणार? त्यांची उत्तरे मिळाल्यावर मग पुऱ्यांचा डबा खुशाल भरावा.