व्यवहारविचार : दुखणें आणि किल्ली
मोबाइलवरील ॲप अडखळलें, कीं पुष्कळदां तें आपलें दुखणें त्रयस्थ नोंद-सेवेस कळवितें. दुरुस्तीस याचा उपयोग मोठा. परंतु त्या नोंदींत सारेंच भरलें, तर घरची किल्ली परक्या हातीं जाते. ऑगस्ट २०२२ मध्यें ‘सोलाना’ या आभासी चलनाचीं हजारों खातीं रितीं झालीं. ‘स्लोप’ या पाकिटाचें ॲप ग्राहकांचे गुप्त शब्द ‘सेंट्री’ नामक नोंद-व्यवस्थेकडे धाडीत होतें व तेथें ते उघड्या अक्षरांत सांठत, असें तपासांत आढळलें. यास्तव नोंद बाहेर पडण्यापूर्वींच चाळावी. काय वगळावें यापेक्षां काय पाठवावें, याची यादी करावी. आणि चुकून गेलेली किल्ली तत्काळ बदलावी. वैद्यास दुखणें सांगावें; तिजोरीचा आंकडा सांगण्याचें कारण नाहीं.