झाकली मूठ कुणाची?

परदेशस्थ भारतीयांमधील जातिभेदाविरुद्ध अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जी चळवळ उभी राहिली आहे, तिच्याविषयी आपल्याकडील सुशिक्षित वर्तुळांत तीन आक्षेप हटकून ऐकू येतात. तिकडे जात उरलेलीच नाही, हा पहिला. उरली असली तरी ती परक्यांच्या चव्हाट्यावर नेणे म्हणजे देशाची बदनामी, हा दुसरा. तिकडचे कायदे पुरेसे आहेत, जातीचे नाव वेगळे घेण्याचे कारण नाही, हा तिसरा. हे तिन्ही आक्षेप एकच गृहस्थ एका दमात घेतात आणि ते परस्परांना छेद देतात हे त्यांच्या ध्यानीही येत नाही. जे मुळात नाहीच, त्याची बदनामी कशी व्हावी? आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. कायद्याचे जाणकार नव्हे. तरीही या वादात उतरावेसे वाटते, कारण ज्या पुस्तकांवर आमची उपजीविका चालते त्यांनी या आक्षेपांची उत्तरे फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत.

आधी बदनामीचा मुद्दा घेऊ. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि सातासमुद्रापलीकडचे दुःख एका मापाने मोजण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना १९०९ मध्ये त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ तिकडेच निघाला. हिंदू माणसे पृथ्वीच्या पाठीवर इतरत्र गेली तर जात हा जगाचा प्रश्न होईल, अशा आशयाचे त्यांचे विधान १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी आधारादाखल घेतले. एक चित्पावन ब्राह्मण, एक महार. दोघेही मराठी, दोघेही अमेरिकेत शिकलेले, आणि या एका बाबतीत दोघांचे एकमत. तेव्हा २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडण्याचा आग्रह धरला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला, त्या प्रसंगी आपल्या परंपरेशी इमान कुणी राखले, हे वाचकांनीच ठरवावे.

आता 'तिकडे जात नाही' हा आक्षेप. त्याच्या पुष्ट्यर्थ आकडे दिले जातात. कार्नेगी संस्थेने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे पाच टक्के भारतीय अमेरिकनांनीच जातीवरून भेदभाव झाल्याचे सांगितले. 'इक्वालिटी लॅब्स' या संघटनेच्या पाहणीत मात्र दर तीन दलितांपैकी दोघांनी कामाच्या ठिकाणी असा अनुभव आल्याचे नोंदवले होते. ही दुसरी पाहणी स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची होती. तिच्यावरून सर्वांविषयी प्रमेय मांडता येत नाही, हे मान्यच करायला हवे. पण पहिल्या पाहणीचा पुढचा भाग आक्षेपक वाचत नाहीत. तिच्यात परदेशात जन्मलेल्या हिंदूंपैकी निम्म्याहून अधिक, आणि अमेरिकेतच जन्मलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश, आपली जात सांगणारे निघाले. जात सांगणाऱ्या हिंदूंपैकी ८३ टक्के स्वतःला उच्च वा खुल्या वर्गातील म्हणवत होते. अनुसूचित जाती-जमातींचे म्हणवणारे अवघा एक टक्का. ज्या पंक्तीत असे पान वाढलेले आहे, तिथे उपाशी किती हे सर्वांची सरासरी काढून कळत नाही.

शिवाय आपली जात कोण सांगतो? हा प्रश्न मराठी वाचकाला तरी नवा नसावा. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा त्याच नावाच्या संग्रहात १९६३ साली आली. परप्रांतात रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण, राहायला खोली हवी म्हणून जात लपवतो. ती उघडी पडल्यावर मार खातो. जातीचे मौन म्हणजे जातीचा अभाव नव्हे, ती चोरावी लागते आहे याचीच ती खूण आहे, हे बागुलांनी नुसत्या शीर्षकातून सांगितले. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या यशिका दत्त यांच्या २०१९ सालच्या इंग्रजी आत्मकथनाचा विषय हाच आहे: लपवलेली जात अखेर उघडपणे स्वीकारणे.

तिसरा आक्षेप वरकरणी सर्वांत सभ्य. सिॲटलच्या नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भेदभावाच्या निषिद्ध कारणांत जातीचा समावेश केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर, आणि प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक संमत केले. ७ ऑक्टोबरला गव्हर्नरांनी ते नाकारले. कारण काय, तर विद्यमान कायद्यांत हे सारे येतेच. ब्रिटननेही २०१३ साली समानतेच्या कायद्यात जात घालण्याचे बंधन स्वतःवर घेतले आणि २०१८ साली न्यायनिवाडे पुरेसे आहेत असे सांगून ते टाळले.

येतेच, तर मग लिहायला हरकत कसली? कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने २०२० साली 'सिस्को' कंपनीविरुद्ध जो दावा दाखल केला, त्यातील आरोप असा होता की एका दलित अभियंत्याला आयआयटीत राखीव जागेतून प्रवेश मिळाल्याचे त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले, आणि त्याने तक्रार केली तेव्हा जातिभेद बेकायदेशीर नाही असे उत्तर त्याला कंपनीकडून मिळाले. पुढे २०२३ मध्ये दोन अभियंत्यांवरील दावा यंत्रणेने मागे घेतला. अर्थात आरोप म्हणजे निवाडा नव्हे. आरोपितालाही न्याय मिळाला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण तक्रार नोंदवायला शब्दच नसेल तर ती खरी की खोटी हे ठरण्याची वेळच येत नाही. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात जातीचे आणि सतराव्यात अस्पृश्यतेचे स्पष्ट नाव आहे. ते हिंदूंच्या बदनामीसाठी घातले, असे कुणी म्हणत नाही. मग नागपुरात जो शब्द संरक्षण ठरतो, तोच सॅन होजेत अपमान कसा ठरावा?

कायद्यात नाव आल्याने जात मरत नाही, हे आपल्याला पंचाहत्तर वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. परंतु ज्याला मार बसला त्याला तो कशासाठी बसला हे सांगता येणे, ही न्यायाची पहिली पायरी आहे. लंडनमध्ये बाबासाहेब विद्यार्थिदशेत ज्या घरात राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. आपल्याला त्याचा अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. तीनच वर्षांनी त्याच शहरातील सरकारने कायद्यात जातीचे नाव घालणे टाळले, तेव्हा तो अभिमान कुठे गेला होता?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. ही मूठ ज्याची आहे त्याला ती झाकलेली परवडते. जो तिच्यात चिरडला जातो आहे, त्याला ती उघडून हवी आहे. आमच्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती की दलित साहित्य हा सत्तरीच्या दशकात येऊन गेलेला 'प्रवाह' म्हणून दहा गुणांच्या टिपेपुरता शिकवणे आता पुरे झाले. एम. ए.च्या वर्गात बागुलांची ती कथा आणि सिॲटलचा ठराव शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. जात 'तिकडे' आहे की नाही, याचा निकाल मग आक्षेपकांना विचारावा लागणार नाही.