मुद्दल आणि झिलई



चातुर्मास संपला की आपल्या समाजात लग्नसराईचे वारे वाहू लागतात. पूर्वी या दिवसांत सराफ, कापडवाले आणि आचारी यांच्याकडे वर्दळ असे. अलीकडे त्या यादीत दंतवैद्याच्या दवाखान्याची भर पडली आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन घरांतून मला एकच प्रश्न आला, 'लग्नाआधी मुलीच्या पुढच्या दातांना व्हेनिअर लावून घ्यावेत का?' मी वैद्य नव्हे, बँकेतील नोकरी संपवून घरी बसलेला माणूस. तरीही हा प्रश्न माझ्याकडे येतो याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२००८ साली आमच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले. तिचे दात निरोगी होते. वरच्या दोन दातांमध्ये किंचित फट, एक दात जरासा तिरका आणि रंग थोडा पिवळसर, एवढीच काय ती उणीव. मुलाकडच्यांनी अवाक्षर काढले नव्हते. साखरपुड्याचे फोटो पाहून आमच्याच घरात कोणीतरी म्हणाले, "आजकाल सगळ्याच करून घेतात," आणि पंधरा दिवसांत वरच्या आठ दातांवर पोर्सेलीनचे व्हेनिअर बसले. लग्नाचे फोटो उत्तम आले. कर्जाचा प्रस्ताव समोर आला की मुदत किती, तारण काय, पुढची देखभाल कोण करणार, हे विचारण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाने तो चेक लिहिताना एकही प्रश्न विचारला नाही. दात किती तासणार, हे विचारले नाही. वर चढविलेले किती वर्षे टिकणार, हेही नाही.

पुढे काही महिने मुलीला गार पाणी सोसत नव्हते. आठव्या वर्षी एका व्हेनिअरचा कोपरा उडाला. बाराव्या वर्षी दुसऱ्याच्या कडेखाली कीड शिरली, ती नसेपर्यंत पोहोचली आणि त्या दाताला रूट कॅनल करून कॅप बसवावी लागली. हिरड्या थोड्या वर सरकल्याने बाकीच्यांच्या कडा दिसू लागल्या, तेव्हा गेल्या वर्षी तेही बदलले. फोनवर बोलताना ती म्हणाली, "पप्पा, तेव्हा वर्षभर तार लावली असती तरी ती फट मिटली असती, नाही का?" तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर मुळीच नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्यानंतर मी या विषयावर वाचले, दोन-तीन जाणत्या दंतवैद्यांना विचारले.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. मात्र ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते, गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही. पुढच्या दाताच्या टोकाशी त्याची जाडी मिलिमीटरभर असते, हिरडीजवळ ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येते. व्हेनिअर हा पोर्सेलीनचा किंवा कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो दातावर फुगीर दिसू नये म्हणून बहुधा तेवढेच कवच आधी तासून काढावे लागते. व्यापारी घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. व्याजातून खर्च करणे वेगळे आणि मुद्दलाला हात घालणे वेगळे. येथे हात मुद्दलालाच लागतो.

या वस्तूचा जन्मच कॅमेऱ्यासाठी झाला आहे. १९२८च्या सुमारास कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी असे पापुद्रे तयार केले. कवळी बसविण्याच्या चिकट भुकटीने ते दातांवर तात्पुरते बसवीत आणि चित्रीकरण आटोपले की काढून ठेवीत. त्यांच्यासह जेवणे शक्य नव्हते. पुढे १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी सौम्य खरखरीतपणा आणण्यासाठी इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावले की त्यावर राळ घट्ट धरते, असे दाखविले. १९८०च्या दशकात पोर्सेलीनच्या आतील बाजूवरही अशीच प्रक्रिया करता येऊ लागली आणि पापुद्रा दाताला कायमचा चिकटू लागला. त्या नटांच्या आणि आपल्या मुलींच्या व्हेनिअरमध्ये फरक आहे तो हा. त्यांना ते संध्याकाळी काढता येत होते आणि खालचा दात जसाच्या तसा असे.

मग हे असुरक्षित आहे का? तसे म्हणणे चुकीचे ठरेल. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील दंतवैद्यांनी तीनशेहून अधिक व्हेनिअरचा वीस वर्षांपर्यंतचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध केला. दहा वर्षांनी त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक टिकून होते, वीस वर्षांनी सुमारे ८३ टक्के. आकडे चांगले आहेत, पण ते निष्णात हातांचे आणि योग्य निवडीचे आहेत. पापुद्रा इनॅमलवर चिकटलेला असेल तर पकड उत्तम राहते. तासताना इनॅमल संपून आतले पिवळसर डेंटिन उघडे पडले तर पकड सैल होते आणि दात ठणकू लागतो. झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांत तडे जाण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. शिवाय चोविसाव्या वर्षी बसविलेल्या व्हेनिअरला पुढची पन्नास वर्षे काढायची आहेत, म्हणजे आयुष्यात ते दोनदा तरी बदलावे लागणार आणि दर खेपेला दात थोडा आणखी झिजणार. कॉम्पोझिटचे व्हेनिअर स्वस्त पडतात, त्यांत दात कमी तासावा लागतो आणि दुरुस्ती सोपी असते, पण ते चार-सहा वर्षांतच निस्तेज होतात आणि हळदीचा डाग लवकर धरतात.

एक शंका आपल्या वाचकांकडून हमखास येते, तिचे उत्तर देऊन टाकतो. पोर्सेलीन हे मूलतः फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ अशा खनिजांपासून बनते, तर कॉम्पोझिट म्हणजे कृत्रिम राळ आणि काचेची बारीक पूड. यांत प्राणिज द्रव्य नसते.

खरी फसगत होते ती व्हेनिअर आणि कॅप यांच्या गोंधळात. 'स्माइल पॅकेज' म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा व्हेनिअर नसून दाताला चहूबाजूंनी झाकणारी कॅप असते. व्हेनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी ३ ते ३० टक्के भाग जातो, कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. स्वस्तात हास्य मिळते म्हणून ब्रिटनमधून तुर्कस्तानला गेलेल्या कित्येक तरुणांचे निरोगी दात असे खुंटासारखे तासले गेले आणि तिकडच्या दंतवैद्यांना त्यावर जाहीर इशारे द्यावे लागले. आपल्याकडे ब्यूटी पार्लरमध्येही व्हेनिअर चिकटवून देणारे आढळतात. कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला दातांवर उपचार करण्याचा अधिकार नाही. भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यात संकोच कसला? दुकानात नवा गुमास्ता ठेवतानाही आपण चौकशी करतो.

असे असले तरी प्रत्येक व्हेनिअर म्हणजे निव्वळ हौस, असे मी म्हणणार नाही. माझ्या पुतण्याच्या मुलीचे लग्न येत्या माघात आहे. तिचे लहानपण नागौर जिल्ह्यात, आजोळी गेले. आपल्यापैकी अनेकांचे मूळ ज्या मारवाडात आहे तेथे भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत हीच स्थिती आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी सात-आठ वर्षांच्या आतील मूल सतत प्यायले, तर हिरडीत घडत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी होणारे डाग उमटतात. घरोघरी समज असा की आपण उकळलेले पाणी पितो, आपल्याला कसली भीती? उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. बोअरचे पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घेणे, हाच त्यावर उपाय.

ही मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, दुकानाचे सगळे हिशेब पाहते, पण हसताना तळहात तोंडापुढे धरते. तिला 'डाग असू देत, मन सुंदर हवे' असे सांगणे मला शोभले नसते. मी तिच्याबरोबर गेलो. पहिल्या ठिकाणी पाच मिनिटांत वीस दातांचा भाव सांगण्यात आला आणि आज आगाऊ रक्कम भरल्यास सवलत मिळेल, असेही. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या ठिकाणी बाईंनी आधी क्ष-किरण चित्रे काढली, हिरड्या तपासल्या आणि झोपेत दात खातेस का, असे विचारले. त्यांनी मांडलेला क्रम मला पटला. वरवरचे डाग सौम्य आम्ल आणि बारीक भुकटीने घासून निघतात का ते आधी पाहायचे, त्यात कवचाचा अगदी थोडा थर जातो. मग दात उजळविण्याचा उपचार. तो व्हेनिअरच्या आधीच करावा लागतो, कारण पोर्सेलीनचा रंग नंतर उजळता येत नाही आणि शेजारच्या दातांशी मेळ बसत नाही. उजळविल्यानंतर सुमारे दोन आठवडे थांबायचे, नाहीतर चिकटद्रव्य नीट धरत नाही. एवढे करूनही जे डाग उरतील तेवढ्याच दातांचा विचार करायचा. फ्लोराइडने बाधलेल्या इनॅमलवर पकड बसविणे थोडे कठीण असते, त्याला जास्त काळजी लागते, हे त्यांनी आपणहून सांगितले. दात तासण्यापूर्वी त्यावर तात्पुरता नमुना चढवून आरशात पाहता येतो. तो नमुना तिने घरी आईला दाखविला आणि सर्वांत पांढरी छटा नाकारून एक पायरी खालची निवडली. तिची आई थोडी हिरमुसली. मला निवड आवडली. भिंतीवर चुना लावल्यासारखे दात दहा हात दूरवरूनही कृत्रिम वाटतात.

शेवटी वीसाचे चार झाले. कोणते चार दात, व्हेनिअर की कॅप, कोणते द्रव्य, किती तासणार, निघाले किंवा तुटले तर खर्च कोणाचा, हे सर्व लेखी घेतले. विमा कंपन्या सौंदर्यासाठीच्या दंतोपचाराची रक्कम सहसा देत नाहीत, तेव्हा पावती जपून ठेवली तरी भरपाईची आशा धरू नये.

काळजीबाबत बाईंनी बजावले ते आपल्या घरांच्या सवयींना तंतोतंत लागू पडते. सुपारी, खडीसाखर, ऊस पुढच्या दातांनी फोडायचे नाहीत. दुकानात दोरा तोडायला, पुडी फाडायला कात्री हाताशी असते, तरी आपण दात वापरतो, ते बंद. नरम ब्रश, खरखरीत नसलेली पेस्ट, आणि रात्री दोन दातांमधून फ्लॉसचा दोरा फिरवायचा, कारण कीड पापुद्र्याला लागत नाही, त्याच्या कडेला लागते. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री नाइट गार्ड घालायचा. सहा महिन्यांनी दात स्वच्छ करायला कुठेही गेले तरी 'येथे व्हेनिअर आहे' हे आधी सांगायचे, कारण आम्लयुक्त फ्लोराइड जेलने पोर्सेलीनची चकाकी जाते आणि सफाईच्या यंत्राने कडा दुखावू शकते.

उठता उठता तिने बाईंना विचारले, "मी दरवर्षी पर्युषणात अठ्ठाई करते. ती करता येईल ना?" बाई क्षणभर थांबल्या. बहुधा असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला असावा. उपवास म्हणजे नेमके काय, हे त्यांनी समजून घेतले. पाणी कमी पोटात गेले की लाळ कमी होते आणि कडांवर थर साचतो, असे त्या म्हणाल्या. पच्चक्खाण घेण्याच्या आदल्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी, पेस्ट लावून दात नीट घासायचे. उपवासाच्या दिवसांत नियमात बसत असेल तर दिवसा उकळलेल्या पाण्याने वरचेवर चूळ भरायची आणि कोरडा नरम ब्रश हलकेच फिरवायचा. पारण्यानंतर आठवडाभरात येऊन दाखवून जायचे. ब्रश चालतो की नाही, हे महाराजसाहेबांना विचारून घेईन, असे ती म्हणाली. बाईंनी तिच्या केसपेपरवर पर्युषणाचा महिना लिहून ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो.