गावाकडे रिफंड मिळत नाही

मे महिना संपत आला की आमच्या कँटीनमध्ये एक रडगाणं ठरलेलं असतं. "चार दिवस रजा टाकून घरी गेलो होतो रे, जळगावला. पण पावसाने सुट्टीची पार वाट लावली." जळगावच्या जागी धुळे, भुसावळ, शिरपूर, चोपडा, काहीही घाला. ऐकणारे च् च् करतात. आणि एखादा शहाणा म्हणतो, "म्हणून सांगत होतो, मनाली कर."

मला ह्या च् च् ची मनापासून चीड आहे. सुट्टीत पाऊस आला म्हणून घरची सुट्टी 'वाया' जाते, हे वाक्यच मुळात चुकीचं आहे. पाऊस काय वाया घालवणार? वाया घालवतो तो आपण, आणि नाव पावसाचं.

आधी हिशोब करू. इंजिनिअर आहोत ना आपण? मग भावना नंतर, लॉग्स आधी.

पाऊस नसताना खानदेशातला मे कसा असतो? पारा ४४-४५ ला. सकाळी दहालाच रस्ते ओस पडायला लागतात. दुकानदार शटर अर्धं ओढून आत लवंडतात. अकरा ते पाच घरातली म्हातारी माणसं दाराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, आणि जायचंच असेल तर डोक्याला रुमाल आणि खिशात कांदा. म्हणजे आभाळ स्वच्छ असतं तरी दुपारचे सहा तास तुम्ही कूलरसमोर आडवे होणार होतात. मग पावसाने नक्की कुठला कार्यक्रम बुडवला?

बरं, हा पाऊस येतो तरी कसा? दिवसभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, तिला वर ओलावा मिळाला की दुपारनंतर उंचच्या उंच ढग उभे राहतात. चार-पाचच्या सुमारास आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब, कधी गारा. बहुतेक वेळा तासा-दीड तासात खेळ खलास. कोकणातल्या आषाढासारखा रात्रंदिवस लागून बसणारा पाऊस नव्हे हा. सकाळ पूर्ण तुमची असते. आणि एरवी भट्टीसारखी असणारी संध्याकाळ अचानक फिरण्यालायक होते, ती वर फुकट.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. पाऊस येऊन गेला की उकाडा होतो, आणि तो भयंकर असतो. कूलर चालतो पाण्याच्या बाष्पीभवनावर. हवा आधीच ओली असेल तर तो गार करत नाही, नुसता दमट वारा अंगावर फेकतो. त्यात लाईट जाते, आणि गेली की कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. त्रास होतोच. पण त्रास होणं वेगळं आणि सुट्टी बुडणं वेगळं. ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास घामाघूम होणाऱ्या माणसाने एका रात्रीच्या उकाड्याने घरून पळ काढावा, हे काही पटत नाही.

ही झाली एक जमात. दुसरी जमात मला ह्याहून जास्त डोक्यात जाते.

ही मंडळी रडत नाहीत, उलट नाचतात. "मे मध्ये मॉन्सून! वॉव, काय क्लायमेट झालंय!" लगेच गच्चीवर व्हिडिओ, मागे पावसाचं गाणं, पुढे कांदाभज्यांची प्लेट. अरे भो, जरा गच्चीवरून लांब बघ. रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या पट्ट्यात ह्याच वाऱ्याला लोक देव पाण्यात घालून बसलेले असतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ह्याचा आपल्याला अभिमान असतो. पण केळीचं झाड हे झाडच नव्हे, हे किती जणांना माहीत आहे? त्याचं खोड म्हणजे एकावर एक घट्ट गुंडाळलेले पानांचे थर. आत लाकूड नाही. वर भरलेला घड लटकलेला. वावटळ आली की ते मोडतं किंवा मुळासकट आडवं होतं, आणि परत उभं राहत नाही. लावणीपासून कापणीपर्यंत साधारण वर्षाची मेहनत असते. पंधरा मिनिटांत झोपते.

मग सुरू होतं विम्याचं प्रकरण. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, नाही असं नाही. पण ठरलेल्या मुदतीत कळवा, पंचनामा करून घ्या, आणि वारा ठराविक वेगाच्या वर गेला होता हे हवामान केंद्राच्या नोंदीत दिसू द्या. बाग तुमची, वारा तुमच्या बागेतला, आणि पुरावा भलत्याच ठिकाणच्या यंत्रात! आपल्याकडे प्रॉडक्शन पडलं आणि क्लायंट म्हणाला, "आमच्या मॉनिटरवर तर सगळं हिरवं दिसतंय", तर आपण किती चिडतो, ते आठवा.

केळीचं एकट्याचं नाही. शेतात काढून ठेवलेला कांदा ताडपत्रीखाली भिजतो. वीटभट्टीवर रचलेल्या कच्च्या विटांचा परत चिखल होतो. पावसाचा आनंदच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. तापलेल्या मातीवर पहिले थेंब पडले की जो वास येतो, तो मलाही वेड लावतो. माझं म्हणणं एवढंच, की 'वॉव' म्हणण्याआधी एक फोन करा. मामाची बाग उभी आहे का, एवढं विचारा. मग खुशाल भजी खा.

रडणारे आणि नाचणारे, दिसायला दोन टोकं. पण माझ्या मते दोघांचा रोग एकच. दोघेही स्वतःच्या गावात गिऱ्हाईक म्हणून जातात. एकाला माल खराब मिळाला म्हणून तो तक्रार करतो, दुसऱ्याला वर काहीतरी फ्री मिळालं म्हणून तो पाच स्टार देतो. पैसे मोजून रिसॉर्टला जावं, तसे आपण आई-बापाच्या घरी जायला लागलो आहोत. चार दिवसांचं पॅकेज : आमरस, खापरावरचे मांडे, शेवभाजी, एक दिवस शेतातली पार्टी. हवामान ठीक असल्यास. नसल्यास परतीचं तिकीट एक दिवस अलीकडे.

रिसॉर्टमध्ये पाऊस हा त्यांचा प्रॉब्लेम असतो. घरी तो आपला असतो. फरक एवढाच आहे, पण सगळं त्यातच आलं.

आता वाळवणाचंच घ्या. आपल्याकडे वर्षाचं वाळवण ह्याच दिवसांत होतं. गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यावर कुरडया, बिबडे, पापड. कोपऱ्यात वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या. पापडाचं ठीक आहे, गोळा करून डब्यात टाकता येतात. पण कालच्या ओल्या कुरडया? त्या कापडाला चिकटलेल्या असतात. सोडवायला जाल तर तुटतात, तशाच भिजल्या तर आंबतात, बुरशी धरतात. मग उपाय एकच. कापड चारही टोकांना धरून, आडवंच्या आडवं, न हलवता जिन्यातून खाली आणायचं. चार टोकं म्हणजे चार हात. असल्या चार-पाच साड्या. आणि आभाळ भरून आल्यापासून पहिल्या थेंबापर्यंत वेळ मिळतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. गल्लीत "पानी उना, पानी उना!" अशी हाकाटी होते, आणि जो तो गच्चीकडे धावतो.

एरवी वर्षभर त्या घरात माणसं दोन. म्हणजे हात बरोब्बर चार, आणि त्यातले दोन गुडघे धरून जिना उतरणाऱ्या माणसाचे.

आमच्याकडे अमळनेरला आईने गेल्या काही वर्षांत वाळवण निम्म्यावर आणलंय. कारण विचारलं तर म्हणाली, "घालायला काय, आजही घालीन. उचलायला कोण आहे?"

ह्या वाक्यात टोमणा नव्हता, हे मला माहीत आहे. ती नुसतं कपॅसिटी प्लॅनिंग सांगत होती. पण ज्या घरातून चांगली धडधाकट पोरं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला गेली, त्या प्रत्येक घराला ते लागू पडतं. म्हणून मला वाटतं, की सुट्टीत आलेला पाऊस ही सुट्टीतली सगळ्यात कामाची वेळ आहे. स्वच्छ उन्हात तुमचा घरी काही उपयोग नसतो. ऊन आपलं काम करतं, आई आपलं काम करते, तुम्ही लोळता. पाऊस आला की पहिल्यांदा त्या घराला तुमच्या दोन हातांची खरी गरज पडते. आणि नेमके तेव्हा आपण गच्चीच्या दारात उभे राहून शूटिंग करतो.

"पण आम्ही वर्षभर मरमर काम करतो, चार दिवस आराम नको का?" करा ना! कुरडया उचलायला वीस मिनिटं लागतात. उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटं लोळा, कोण नको म्हणतंय?

"पण पावसात तिथे करायचं काय? मॉल नाही, काही नाही." हा प्रश्न तर फारच विनोदी आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरती थांबवून एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणत, आणि डोंगरात कोरलेले असले विहार त्यासाठीच कामी यायचे. पावसात बसून करायचं काय, ह्याचं उत्तर तिथल्या लोकांनी भिंतीवर रंगवून ठेवलंय. (सोमवारी बंद असतं, नाहीतर तिथून येऊन परत रडाल.) जळगावातच जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, २०१२ पासून. डोक्यावर पक्कं छप्पर, अख्खा दिवस जातो. जुन्या गावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा आहे. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले, आणि त्यांनी गावोगाव पायी फिरून जमवलेले कागद सांभाळायला लगेच पुढच्या वर्षी संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं आहेत. आपल्यातले किती जण धुळ्याचे असून तिथे एकदा तरी गेलेत? हात वर करा.

आणि पावसाने काम अडलं म्हणणाऱ्या समस्त इंजिनिअरांसाठी एक खास धुळ्याची गोष्ट. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकतेच लागलेले विश्वेश्वरय्या खानदेशात आले. त्यांचं सुरुवातीचं काम म्हणजे दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्यासाठी पाईपचा सायफन बांधणं. ऐन पावसाळा, नदीला पूर, काम अडलेलं. पण ते पुरं केलंच त्यांनी. ज्यांच्या वाढदिवसाला आपण १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डेचे मेसेज फॉरवर्ड करतो, ते हेच. आपण मात्र मोबाईलला रेंज नाही म्हणून एक दिवस आधी महाराष्ट्र एक्सप्रेस पकडतो.

शेवटचा आक्षेप जरा गंभीर आहे. "पूर्वी असं नव्हतं, आता हवामानच बिघडलंय." पूर्वी मे मध्ये पाऊस नव्हताच, हे खरं नाही. नसता तर 'वळीव' हा शब्द कुठून आला असता? पण वळीव वेगळा आणि अवकाळी वेगळा, आणि आता दोन्हीचा काही नेम राहिलेला नाही, हेही खरं. २०२५ मध्ये मॉन्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. त्या वर्षी मे महिन्यातच महाराष्ट्र भिजत होता. म्हणजे 'मे म्हणजे कोरडा' हे गृहीतक आता कोडमध्ये हार्डकोड करून चालणार नाही. मान्य. पण ह्याचा निष्कर्ष 'घरी जाऊ नका' असा निघत नाही. उलट निघतो. हवामान जितकं बेभरवशाचं, तितकी त्या घराला जास्तीच्या दोन हातांची गरज जास्त. आणि मनालीला काय, पाऊस पडत नाही?

तेव्हा पुढच्या मे मध्ये रजा टाकाल तेव्हा फिरणं सकाळी उरकत जा. दुपारनंतर घरात राहा. परतीचं तिकीट बदलू नका. आणि आभाळ भरून आलं की मोबाईल खिशात घाला, गच्चीवर जा आणि कापडाचं एक टोक धरा.

ता.क. विजा कडकडायला लागल्या असतील तर मात्र गच्चीवर जायचं नाही, शेतात झाडाखाली उभं राहायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' नावाचं ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते आई-वडिलांच्या फोनवर टाकून द्या आणि वापरायला शिकवा. कुरडया पुढच्या वर्षीही होतील.